बिब्ब्याचा लेख

हेमंत सरोदेचा फोन आला तेव्हा मी माझ्याच लेखाखाली बसून डबा खात होतो.

लेखाखाली म्हणजे अगदी शब्दशः. मेडिकल कॉलेजच्या त्वचारोग विभागात मला जी एवढीशी खोली होती, तिच्यात माझ्या खुर्चीमागच्या भिंतीवर माझ्या संशोधनलेखाचं पहिलं पान सोनेरी चौकटीत लावलेलं होतं. वर विलायतेतल्या बड्या नियतकालिकाचं नाव, खाली माझं: डॉ. श्रीरंग इंगोले. येणाऱ्याची नजर आधी त्या पानावर पडावी आणि मग माझ्यावर, अशा बेतानं मी स्वतः उभं राहून खिळा ठोकून घेतला होता. माझे पेशंट बहुतेक खरूज-नायट्याचे. त्यांना ते दवाखान्याचं लायसन वाटायचं.

लेख बिब्ब्यावर होता. आमच्या वऱ्हाडात बाळ जन्मलं की बिब्बा सुईला टोचून दिव्यावर धरतात आणि त्यातून सुटणाऱ्या तेलाचे ठिपके बाळाच्या पोटावर देतात. पोट दुखू नये, दृष्ट लागू नये म्हणून. पुष्कळ बाळांना नुसते काळे डाग पडतात. काहींची कातडी मात्र भाजल्यासारखी होते, फोड येतात, आणि डाग असे गोल गरगरीत उठतात की ज्याला बिब्बा ठाऊक नाही त्या डॉक्टरला वाटावं, कुणीतरी चटके दिलेत. मी अशा बाळांचे फोटो काढले होते, ओळखायचं कसं आणि उपचार काय करायचे ते लिहिलं होतं. काम चांगलं होतं, हे आजही म्हणेन. माझ्याबद्दल तसं म्हणवत नाही.

आमच्या विभागप्रमुख बोरगावकर मॅडमनी तो लेख ओळ न् ओळ तपासून दिला होता. देताना त्या म्हणाल्या होत्या, "इंगोले, हा आपल्या डॉक्टरांच्या संघटनेच्या जर्नलला द्या. ते इंटरनेटवर कुणालाही फुकट वाचता येतं."

मी मान हलवली आणि मनात म्हटलं, जे कुणालाही फुकट वाचता येतं ते वाचतं कोण? मग विलायतेत लेख स्वीकारला गेला, तेव्हा सगळे हक्क त्यांना देऊन टाकल्याच्या कागदावर मी न वाचता सही केली. पोरगी मोठ्या घरी पडली की बाप अटी वाचत बसत नाही, तसा. छापील प्रती आल्या त्या मी वाटून टाकल्या. एक आमदारांना दिली, एक सासऱ्यांना. सासऱ्यांनी ती शोकेसमध्ये ताजमहालाशेजारी ठेवली. उघडून कुणीच पाहिली नाही.

तर फोन.

"डॉक्टर इंगोले का? मी हेमंत सरोदे बोलतोय. आयर्लंडहून."

मी तोंडातला घास न चावताच गिळला. आयर्लंड! परिषदेचं आमंत्रण असणार. भाषणाला सूट शिवावा लागेल, इथवर मी पोचलोसुद्धा.

"बोला, बोला," मी शक्य तितक्या खर्जात म्हणालो.

"सर, आमची मुलगी इथे हॉस्पिटलमध्ये आहे. आणि आम्हाला तिच्याजवळ एकटं बसू देत नाहीत."

माझा सूट तिथेच उसवला.

हेमंतचं गाव माझ्या कॉलेजपासून एसटीनं तासाभरावर. नोकरीसाठी तो आणि त्याची बायको पल्लवी आयर्लंडमधल्या एका लहान गावात राहायला गेले होते. पल्लवीच्या बाळंतपणाला हेमंतची आई इथून गेली. डिंक, अळीव, बाळंतशेपा आणि त्याच डब्यात दोन बिब्बे. तिनं नातीच्या पोटावर ठिपके दिले. काही दिवसांत पोट सुजलं, फोड आले. हे घाबरून दवाखान्यात धावले. तिथल्या डॉक्टरांना दिसले ते तान्ह्या मुलीच्या पोटावरचे गोल काळे चटके. त्यांनी मुलांच्या संरक्षणाचं पाहणाऱ्या सरकारी खात्याला कळवलं. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. मी तिथे असतो आणि बिब्बा ठाऊक नसता, तर मीही तेच केलं असतं.

"पण तुम्ही सांगितलं नाही का, बिब्बा लावला म्हणून?"

"आईनं स्वतः सांगितलं. इंग्रजीत. बिब्ब्याचा इंग्रजी शब्द सांगितला. त्यात 'नट' येतं ना सर, तर त्यांनी आम्हाला शेंगदाण्याच्या अ‍ॅलर्जीचे प्रश्न विचारले."

मला हसू आलं, आणि ते त्याला ऐकू गेलं की काय या भीतीनं मी खोकलो.

"इथल्या बाळांच्या डॉक्टर चांगल्या आहेत," हेमंत म्हणाला. "त्यांनी शोधलं तेव्हा तुमच्या लेखाचं नाव सापडलं. खाली चार ओळी दिसतात, पुढचं कुलूपबंद. त्यांचं हॉस्पिटल लहान आहे, ते नियतकालिक घेत नाही. मागवायला टाकलाय, पण यायला वेळ लागेल. आणि सोमवारी सकाळी बैठक आहे. मुलगी घरी द्यायची की नाही, ते ठरणार. सर, तुमचा लेख पाठवता का?"

"एवढंच ना?" मी म्हणालो. "आत्ता पाठवतो."

फोन ठेवून मी कॉम्प्युटर उघडला, नियतकालिकाच्या संकेतस्थळावर गेलो, माझ्या लेखाच्या नावावर टिचकी मारली. नाव आलं, चार ओळी आल्या, आणि खाली एक चौकोन आला की पुढे वाचायचं असेल तर डॉलर भरा. मी लेखक असल्याचं त्या चौकोनाला कळवण्याची काही सोय नव्हती. माझा मूळ मजकूर ज्या जुन्या कॉम्प्युटरवर होता तो बंद पडून भंगारात गेला होता. मी वळून भिंतीकडे पाहिलं. सोनेरी चौकटीत फक्त पहिलं पान. फोटो तिसऱ्या पानापासून पुढे.

हातातल्या डब्यासकट मी ग्रंथालयात पळालो.

आमचे ग्रंथपाल गुल्हाने हे सावकाश माणूस. कॉलेजात आग लागली तरी आधी चष्मा पुसतील. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा पुसला, आणि म्हणाले, "म्हंजे सर, लेख तुमचा."

"हो."

"अन् तुमालेच पाहू देत नाई."

"नाही."

"लिवायचे पैसे देल्ले होते का त्यायनं?"

"नाही हो! संशोधनलेखाचे पैसे देत नसतात."

गुल्हान्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, ज्या नजरेनं मी मंतरलेला लिंबू मागणाऱ्या पेशंटकडे पाहतो. मग म्हणाले, "आपलं कॉलेज ते नियतकालिक घेत नाई. महाग हाये. तुमाले तवाच सांगाले आलो होतो, तुमी सत्कारात होते."

मी सासऱ्यांना फोन लावला. ते म्हणाले, शोकेसची किल्ली सासूबाईंकडे आहे आणि त्या शेगावला गेल्यात. मी हेमंतला फोन करून म्हटलं, दोन दिवसांत सासुरवाडीहून प्रत आणतो आणि फोटो काढून पाठवतो. तो हळूच म्हणाला, "सर, आमच्याकडून आलेली फाईल त्यांना चालणार नाही. आरोप आमच्यावरच आहे ना. त्यांना स्वतःला कुठेतरी उघडून बघता आलं पाहिजे. जाहीर ठिकाणी."

जाहीर ठिकाणी. माझी जाहीर ठिकाणं म्हणजे भिंत आणि शोकेस.

शेवटी बोरगावकर मॅडमकडे जायलाच लागलं. मी पुष्कळ वेळ त्यांच्या दाराबाहेर उभा होतो. त्या काय बोलतील त्याची मनात तालीम करत होतो. त्या काहीच बोलल्या नाहीत. आपल्या कॉम्प्युटरवर शोधून त्यांनी मी त्यांना तपासायला दिलेला मजकूर काढला. फोटोंसकट, जसाच्या तसा, विलायतेला जाण्यापूर्वीचा.

"पण मॅडम, हक्क त्यांचे..."

"सही करताना वाचलं नव्हतं ना?" त्या म्हणाल्या आणि गुल्हान्यांना बोलावलं. गुल्हाने त्या नियतकालिकाच्या अटी सावकाश, बोट ठेवून वाचत गेले. शेवटाकडे एक कलम निघालं: लेखकाला आपला मूळ मसुदा आपल्या संस्थेच्या संकेतस्थळावर सर्वांसाठी ठेवता येईल. छापलेलं देखणं पान नाही, पण साधा मजकूर ठेवता येईल. ज्या कागदावर मी सही केली होती त्याच कागदावर ते लिहिलेलं होतं.

संध्याकाळच्या आत गुल्हान्यांनी तो कॉलेजच्या संकेतस्थळावर चढवला. ना सोनेरी चौकट, ना विलायती अक्षरं. ओळी वाकड्या, फोटोंखालची नावं सरकलेली. पण ज्याला हवा त्याला उघडत होता. मी दुवा हेमंतला पाठवला, त्यानं त्या डॉक्टरांना दिला. त्यांनी मला स्वतः फोन केला आणि दोन-तीन नेमके प्रश्न विचारले. सोमवारी दुपारी हेमंतचा पुन्हा फोन आला. मागून एक बाई रडत होती. तो एवढंच म्हणाला, "दिली सर. घरी दिली."

यानंतर मी कसा वागलो ते सांगायलाच हवं, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. मी पेढे वाटले. गावच्या वर्तमानपत्रात फोटोसह बातमी आणवली, 'वऱ्हाडच्या डॉक्टरमुळे आयर्लंडमध्ये चिमुकली आईच्या कुशीत'. विद्यार्थ्यांसमोर मी खुल्या संशोधनावर भाषण ठोकलं. ज्ञान कुलपात ठेवणं हे पाप आहे, असं मी टेबलावर मूठ आपटून म्हणालो. पहिल्या रांगेत बोरगावकर मॅडम बसल्या होत्या. त्या पर्समध्ये काहीतरी शोधू लागल्या आणि भाषण संपेपर्यंत त्यांना ते सापडलं नाही.

मग उन्हाळ्यात एक दिवस ओपीडीत एक बाई आल्या. रांगेत उभ्या राहून, केसपेपर काढून, नंबर आल्यावर. साठीच्या पुढच्या, इस्त्रीची सुती साडी, ताठ पाठ. समोरच्या स्टुलावर बसल्या.

"काय होतंय?" मी विचारलं.

"मी प्रमिला सरोदे. हेमंतची आई."

मी उठून उभा राहिलो, चहा सांगितला आणि आपसूक चौकटीतल्या पानाकडे हात केला. मला वाटलं, बाई आभार मानायला आल्या. हार आणलाय का, म्हणून मी त्यांच्या पिशवीकडेही पाहिलं.

त्यांनी पिशवीतून कागद काढले. माझाच लेख, संकेतस्थळावरून छापून घेतलेला. प्रत्येक पानावर लाल शाईच्या खुणा.

"मी पस्तीस वर्षं कन्याशाळेत इंग्रजी शिकवलं," त्या म्हणाल्या. "शेवटची आठ वर्षं मुख्याध्यापिका होते. पहिल्या पानावर तुमचे तीन काळ चुकलेत. ते राहू द्या. हे वाक्य वाचा."

लाल अधोरेखित वाक्य मी वाचलं. इंग्रजीतच होतं. अर्थ असा, की ही घातक प्रथा प्रामुख्यानं अशिक्षित व अज्ञानी वृद्ध स्त्रियांमुळे टिकून आहे.

"मोठ्यानं वाचा," बाई म्हणाल्या.

दारात पुढचे पेशंट उभे होते. मी मोठ्यानं वाचलं. सातवीत वाचायचो तसं, अडखळत.

"हे तुम्ही किती आज्यांना विचारून लिहिलंत? त्या शिकलेल्या आहेत की नाही?"

मी कुणालाच विचारलं नव्हतं. लिहिताना ते वाक्य फार ठसकेबाज वाटलं होतं, एवढं आठवत होतं. आणि ज्यांच्याविषयी लिहिलंय त्या बायका कधीकाळी ते वाचतील, अशी शंकाही मला शिवली नव्हती. ते वाचणार होते विलायतेतले साहेब.

"ताई, चुकलं," मी म्हणालो. "पण बिब्ब्याचं म्हणाल तर..."

"बिब्ब्याचं पटलं मला. माझ्या तिन्ही मुलांना लावला होता, काही झालं नाही. का झालं नाही आणि हिला का झालं, तेही तुम्ही लिहिलंय. तो भाग चांगला लिहिलाय." त्यांनी कागद नीट जुळवले. "पण मला एक सांगा. माझं गाव इथून तासाभरावर. मी रोज दोन वर्तमानपत्रं वाचते. वाचनालयाची सभासद आहे. मग हे मला माझ्या नातीच्या पोटावर ठिपके दिल्यानंतर, आयर्लंडमधल्या एका गोऱ्या डॉक्टरीणबाईकडून का कळावं?"

चहा आला. त्यांनी घेतला नाही.

"मुलगी घरी आली ते तरी..." मी काहीतरी बोलायचं म्हणून बोललो.

"आली. त्या बैठकीत तुमचा लेख सगळ्यांसमोर वाचला. हेमंत-पल्लवी सुटले आणि मी सापडले." हे त्या अगदी शांतपणे म्हणाल्या, धडा समजावून सांगावा तशा. "पल्लवी मला एक शब्दही टोचून बोलली नाही. नुसती बाळाला घेऊन खोलीत जायची आणि दार लावून घ्यायची. मी परतीच्या तिकिटाची पुढची तारीख रद्द करून लवकरच परत आले. सासू-सुनेत बिब्बा घालणं म्हणतात ना डॉक्टर, मी तो खरोखरच घातला."

लेख छापून आल्यापासून पहिल्यांदाच, तो भिंतीवर आहे याची मला लाज वाटली.

"हे मराठीत लिहा," बाई उठत म्हणाल्या. "मला कळेल असं."

मी लिहिलं. मोठ्या उत्साहानं आठवडाभरात लिहून त्यांच्या गावी घेऊन गेलो. त्यांनी पडवीत बसून वाचलं आणि लाल पेन मागितलं. 'संपर्कजन्य त्वचादाह' खोडलं. 'नवजात अर्भक' खोडलं आणि 'बाळ' लिहिलं. पहिला परिच्छेद आडवी रेघ मारून पूर्ण उडवला.

"हे तुम्ही साहेबांसाठीच लिहिलंय. नुसती लिपी बदललीत."

"मग सुरुवात कशी करू?"

त्यांनी माझ्या कागदाच्या समासात स्वतःच्या वळणदार अक्षरात लिहिलं: 'मी माझ्या नातीला बिब्बा लावला.'

"ताई, हे तुमच्या नावावर जाईल," मी म्हणालो. "कुणालाही वाचता येईल. शेजारीपाजारी, तुमच्या जुन्या विद्यार्थिनी, सगळ्यांना."

"म्हणूनच तर," त्या म्हणाल्या.

पुढे आम्ही दोघांनी मिळून लिहिलं. त्यांनी सगळं सांगितलं: सुई कशी धरली, ठिपके किती हलक्या हातानं दिले, बाळ कसं शांत पडून होतं, रडलंसुद्धा नाही, म्हणून त्यांना वाटलं की सगळं ठीक आहे. मी मधे मधे कातडीचं, फोडांचं, काय करावं आणि काय करू नये ते घातलं. शेवटी कुणाचं नाव आधी, यावर वाद झाला नाही. तेवढं मी तोवर शिकलो होतो. गुल्हान्यांनी तो कॉलेजच्या संकेतस्थळावर चढवला आणि त्याखाली, त्यांच्याच कल्पनेनं, एक ओळ टाकली की हा लेख कुणीही छापावा, वाटावा, वाचून दाखवावा. त्याच दिवशी मी इंग्रजी मसुद्यातलं ते वाक्यही बदलून घेतलं. तीन काळही सुधारले.

लेख फिरला. अंगणवाडीच्या ताईंनी छापून घेतला, एका सुईणीनं तो वाचून घेऊन माझ्याशी फोनवर कडाकडा भांडण केलं. विलायती लेखावर माझ्याशी कुणी कधी भांडलं नव्हतं.

दिवाळी होऊन गेल्यावर एका दुपारी सरोदे बाईंचा फोन आला.

"डॉक्टर, लेखात एक चूक राहिली आहे."

"तुमच्या नजरेतून?" मी हसलो. "कोणता काळ?"

"काळ नाही. पल्लवीनं वाचला. तिकडे मोबाईलवर उघडला म्हणे. तिचा फोन आला होता. मी तिकडून परत आल्यापासून पहिल्यांदाच तिनं स्वतः फोन केला."

"काय म्हणाली?"

"म्हणाली, आई, तुम्ही लिहिलंय की बाळ रडलं नाही. रडलं होतं. तुम्ही हात धुवायला गेलात तेव्हा. मी आत होते, मला ऐकू आलं. पण आई करताहेत म्हणजे बरोबरच असेल, असं म्हणून मी उठले नाही."

मी लेख उघडून ते वाक्य शोधलं.

"मग?" मी विचारलं.

"मग काय. मग आम्ही दोघी रडलो. आणि मग तिनं मुलीला फोनसमोर धरलं. दोन दात आलेत." बाईंनी नाक ओढलं आणि त्यांचा आवाज पुन्हा मुख्याध्यापिकेचा झाला. "ते वाक्य दुरुस्त करून घ्या. 'बाळ रडलं. ते तिच्या आईनं ऐकलं.' एवढंच लिहा. पुढे काही घालू नका."

मी ग्रंथालयात गेलो. गुल्हान्यांनी चष्मा पुसला, लेख उघडला आणि ते वाक्य बदललं. पुढे मी काही घातलं नाही.